गोबर गॅसची टाकी हे बांधकाम नाही, पोट आहे

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात गावोगाव गोबर गॅसच्या टाक्या दिसतात. त्यातल्या कितीतरी नुसत्या दिसतातच. एकीच्या हौदात ढोरं पाणी पितात, एकीच्या डोमवर गोवऱ्या वाळतात, एकीत कुटार भरून ठेवलेलं असतं. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पह्यल्या साली मस्त चालला भाऊ, मंग गॅस येनंच बंद झाला." का बंद झाला? "काय माहीत बाप्पा."

या 'काय माहीत'बद्दल आज लिहायचं आहे. पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या कोठ्यात दोन ढोरं आहेत आणि ज्याच्या घरी सिलिंडर भरायच्या वेळी कुरकुर होते, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारनं, ठेकेदारानं आणि आपणही गोबर गॅसकडं बांधकाम म्हणून पाहिलं. खड्डा खोदला, विटा लागल्या, डोम चढला, फोटो निघाला, अनुदान खात्यात आलं, फाइल बंद. पण ती टाकी म्हणजे एक पोट आहे. पोटाला रोज खायला लागतं, मानवेल तेच लागतं, आणि बिघडलं तर त्यातलं कळणारा माणूस लागतो. ही गोष्ट लाभार्थ्याला कोणी नीट सांगितलीच नाही.

पोट म्हणतो ते उपमा म्हणून नाही. गाय कुटार खाते, कडबा खाते. ते पचवणारा रस गाईच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. तिच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, म्हणजे कोटीपोट, त्यात राहणारे सूक्ष्मजीव हे काम करतात. त्या कप्प्यात हवा नाही, ऊब आहे, ओल आहे आणि सतत चारा येतो आहे. तिथं चारा आंबतो, त्यातून गाईला पोषण मिळतं आणि मिथेन वायू ढेकरावाटे बाहेर पडतो. यातले काही सूक्ष्मजीव शेणातून बाहेर येतात. आपण हवाबंद टाकीत शेणकाला ओततो तेव्हा तेच काम जमिनीखाली पुन्हा सुरू होतं. फरक इतकाच की इथं मिथेन ढेकरात वाया न जाता नळीतून चुलीपर्यंत येतो.

आता खरी गंमत. हे सूक्ष्मजीव पाण्यात सुटे पोहत काम करत असतील असं आपल्याला वाटतं. बरेचसे करत नाहीत. ते एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव सोडतात, त्यात दुसऱ्या जातीचे येऊन बसतात, आणि थरावर थर चढतो. याला बायोफिल्म म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी वस्तू रोजच्या पाहण्यातली आहे. रांजण बरेच दिवस घासला नाही की आतून हाताला लागतो तो बुळबुळीत थर बायोफिल्मच. सकाळी दातांवर जिभेला लागतो तोही बायोफिल्मच. जुन्या मातीच्या गाडग्यात दही चांगलं लागतं म्हणतात, त्यामागंही गाडग्याच्या बारीक छिद्रांत मुक्कामाला राहिलेले दह्याचे जिवाणू असतात.

गाईच्या कोटीपोटात हा थर चाऱ्याच्या काडीवर बसतो. गोबर गॅसच्या टाकीत तो शेणातल्या न पचलेल्या तंतूंवर, भिंतीवर आणि तळाच्या गाळात बसतो. आणि टाकीला हा थर का लागतो, हे कळलं की टाकी का बंद पडते हेही कळतं.

दह्याचं काम सोपं आहे. दह्याचे जिवाणू दुधातली साखर खातात, आंबट आम्ल सोडतात, काम झालं. मिथेनचं काम एका गड्याचं नाही. पहिली टोळी काडीचे, पिठाचे, चरबीचे मोठे रेणू तोडते. दुसरी टोळी त्या तुकड्यांची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांचं ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. चौथी टोळी हे खाऊन मिथेन सोडते. या चौथ्या टोळीला शास्त्रज्ञ जिवाणूंपासून वेगळ्या 'आर्किया' गटात धरतात. आपण बोलताना जिवाणू म्हटलं तरी चालेल.

यात तिसऱ्या आणि चौथ्या टोळीचं नातं फार नाजूक आहे. तिसरी टोळी हायड्रोजन तयार करते, पण तो हायड्रोजन जरा जरी साचला तरी तिचंच काम थांबतं. तो लगेच उचलून नेणारा कोणीतरी अगदी खेटून पाहिजे. तो म्हणजे मिथेनवाला. दोघं पाण्यात लांब लांब तरंगत असतील तर देवघेव मंदावते. चिकट थरात ते शेजारी शेजारी बसतात, एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात जातं. गाडी भरताना माणसांची रांग लावून टोपली हातोहात देतात, तसं. रांग मोडली की टोपल्या जागेवरच साचतात.

त्यातही पहिल्या दोन टोळ्या चपळ आहेत, झपाट्यानं वाढतात. मिथेनवाले सुस्त आहेत. त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक तास, काही जातींना दिवसच्या दिवस लागतात. म्हणून गोबर गॅसच्या टाकीत शेण देशाच्या उष्ण भागात सुमारे ३० दिवस, मध्यम हवेत ४० आणि डोंगराळ थंड भागात ५५ दिवस मुक्कामाला राहील असा हिशेब आपल्याकडच्या आराखड्यांत धरलेला आहे. एकदा बसलेला थर मोडला तर तो परत बसायला आठवडे जातात. तोवर घरातली बाई पऱ्हाट्या पेटवायला लागलेली असते आणि टाकीवरचा विश्वास उडालेला असतो.

आता आपल्याकडं टाकी कशी मरते ते पाहा.

एक, पोट बिघडवून. घरी लग्न झालं, उरलेला भात, बुंदी, पोळ्या टोपलीनं टाकीत ओतल्या. फुकट गॅस मिळेल म्हणून. पहिल्या टोळ्यांनी ते अन्न भराभर आंबवलं, आम्ल साचलं, सुस्त मिथेनवाल्यांना ते संपवता आलं नाही, टाकी आंबट झाली आणि त्यांनी कामच सोडलं. गॅस येतो, पण पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त. शेतकऱ्याला हा आजार माहीत आहे. लग्नातलं उरलेलं अन्न किंवा धान्याचं पोतं फस्त करून ढोर आजारी पडतं, कधी दगावतं, ते याच कारणानं. ढोराला झालं की आपण डॉक्टर बोलावतो. टाकीला झालं की टाकी सोडून देतो. उपाय कठीण नाही. चार-आठ दिवस काही घालायचं नाही, मग थोडं थोडं ताजं शेण सुरू करायचं. हे सांगायला माणूस नव्हता, एवढंच.

दोन, उपाशी ठेवून. दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो ओलं शेण आणि तितकंच पाणी लागतं. म्हणजे चार-पाच मोठी ढोरं. अनुदान मिळतं म्हणून दोन ढोरांच्या घरी मोठी टाकी बांधली, तर ती पहिल्या दिवसापासून अर्धपोटी. मग ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, टाकी पूर्ण उपाशी.

तीन, औषध पाजून. शौचालय टाकीला जोडलं हे चांगलं केलं, पण मग त्याच शौचालयात फिनेल, ॲसिड, ब्लिचिंग पावडर ओतली. गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू असताना तिचं शेणही टाकीत गेलं. थराचा चिकट द्रव थोडंफार संरक्षण देतो, विष आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. पण रोजच्या माऱ्यापुढं तोही टिकत नाही.

चार, पाणी. आपला तालुका खारपाणपट्ट्याला लागून आहे, काही गावं तर पट्ट्यातच. फार खारट पाणी मिथेनवाल्यांना मानवत नाही. हळूहळू थोडं सोसतात, पण आज गोडं, उद्या एकदम खारं असं केलं की बिचकतात. शक्य असेल तिथं शेणकाल्याला गोडं पाणी, नाहीतर निदान रोज एकाच ठिकाणचं पाणी.

पाच, थंडी. मिथेनवाल्यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. पूस-माघात आपल्याकडं रात्री पारा घसरतो, गॅस कमी होतो. ते साहजिक आहे. पण लोकांना वाटतं टाकी गेली. डोमवर कुटाराचा जाड थर टाका, उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवा, फरक पडतो.

सहा, जास्तीची स्वच्छता. वर कुटाराची साय घट्ट झाली म्हणून टाकी पूर्ण उपसली, तळाचा काळा गाळ उकिरड्यावर फेकला आणि धुऊन नवीन शेण भरलं. ती वरची साय आणि कामाचा थर यात गल्लत करू नका. साय म्हणजे तरंगणारी काडी, ती गॅसची वाट अडवते, ती काढायलाच पाहिजे. पण तळाचा काळा गाळ म्हणजे महिनोन्महिने जमलेली वस्ती. दह्याचं भांडं घासताना आपण विरजण बाजूला काढून ठेवतोच नं? तसा काही गाळ राखून ठेवायचा. आणि हात जोडून सांगतो, टाकीत माणूस उतरवू नका. आत श्वास घ्यायला हवा नसते, विषारी वायू असतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

हे सगळं आजचं ज्ञान आहे असंही नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून तो दिवाबत्तीला वापरला होता. पुढं जशभाई पटेलांनी तरंगत्या ड्रमची 'ग्रामलक्ष्मी' टाकी केली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खादी ग्रामोद्योग आयोगानं ती पसरवली. १९८१-८२ पासून केंद्राचा राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प आला. १९८४ मध्ये स्वस्तातली दीनबंधू टाकी आली. बांधकामात आपण सुधारत गेलो. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर शौचालयाला जोडलेल्या बायोगॅसवर आयुष्यभर काम करत राहिले, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट टाकीच्या आकाराइतकीच त्यांच्या तिथं टिकून राहण्यात आहे. डॉक्टर गावातच होता. बिघडलं की पाहणारा होता.

कारखानदारांनी हा धडा केव्हाच घेतला. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं काळं, उग्र वासाचं पाणी अशाच जिवाणूंकडून आंबवून त्याचा गॅस बॉयलरला वापरतात. नेदरलँड्समधले खाट्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात पाहिलं की पाणी खालून वर हळू सोडलं तर हे जिवाणू एकमेकांना चिकटून बारीक दाण्यांसारख्या गोळ्या होतात आणि वाहून न जाता टाकीतच राहतात. तो दाणा म्हणजे भिंत नसलेली बायोफिल्मच. त्यावर जगभर प्रकल्प उभे राहिले, गंगा स्वच्छतेसाठी कानपूरच्या जाजमऊलाही उभा राहिला. असा नवीन प्रकल्प सुरू करताना दुसऱ्या चालू प्रकल्पातला गाळ टँकरनं आणतात, रोज पाण्याची आम्लता मोजतात, पगारी माणूस ठेवतात. म्हणजे कारखान्यात जिवाणूंना किंमत आहे. गावात आली ती फक्त सिमेंटची किंमत.

कोणी म्हणेल, योजनेत बांधणाऱ्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी होती की. कागदावर होती. पण देखभाल म्हणजे पाइप, कॉक, डोमची चीर असाच अर्थ लावला गेला. आपल्या काळ्या मातीत चीर पडतेच, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती दुरुस्ती लागतेच. पण आत आंबट झालंय का, उपाशी आहे का, हे पाहणं कोणाच्या कामात धरलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप मोठा आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघर सिलिंडर पोचला, आता शेणात हात घालायचा कोणी? खरं आहे, सिलिंडरनं बाईच्या डोळ्यातला धूर कमी केला, ते नाकारायचं कारण नाही. पण जोडणी मिळणं वेगळं आणि दर महिन्याला भरून आणणं वेगळं. सोयाबीनचा भाव पडला की गावात तुराट्या-पऱ्हाट्यांची चूल परत पेटते, हे आपण सगळे पाहतो. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतका जाळ. दोन घनमीटरची टाकी पोटभर खाऊन नीट चालली तर हिशेबानं महिन्याला पावणेदोन सिलिंडर होतात. हिवाळ्यात कमी धरा, तूट धरा, एक सिलिंडर धरा. शिवाय स्लरी शेतात जाते. हा पैसा छोटा नाही.

तिसरा आक्षेप, ढोरंच राहिली नाहीत. हाही खरा. म्हणून घरटी टाकी हा एकच मार्ग धरून बसू नये. जिथं आळीत पाच-सहा घरांत मिळून आठ-दहा ढोरं आहेत तिथं सामाईक टाकी, जिथं गोरक्षण आहे तिथं मोठी टाकी. गोबरधन योजना २०१८ पासून आहे, त्याच वर्षी बायोगॅस दाबून इंधन म्हणून विकायची 'सतत' योजनाही आली. मोठे प्रकल्प जरूर व्हावेत. पण गावचं शेण ट्रकनं बाहेर जाऊन आपल्या काळ्या जमिनीला परत काहीच मिळणार नसेल, तर तो सौदा नीट मोजून करा.

आणि हे मूर्तिजापूर आहे. गाडगेबाबांचं बालपण आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडं गेलं, १९२५ मध्ये त्यांनी इथंच गोरक्षणाचं काम केलं, धर्मशाळा आणि विद्यालय बांधलं. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या या माणसाच्या नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं. शेण आणि मैला यांची नीट सोय लावणं हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे, असं मला वाटतं.

मग करायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, मोजमाप बदला. जिल्हा परिषदेच्या अहवालात 'बांधलेल्या टाक्या' हा रकाना असतो. त्याच्या शेजारी 'तिसऱ्या वर्षी चालू असलेल्या टाक्या' हा रकाना घाला. अनुदानाचा एक हप्ता त्या दिवसासाठी राखून ठेवा. चूल पेटलेली दिसली की द्या.

दुसरी, दहा-बारा गावांमागं एक गॅस सेवक नेमा. गावातलाच शिकलेला पोरगा किंवा पोरगी. आम्लता तपासायची कागदी पट्टी, चार अवजारं आणि थोडं प्रशिक्षण. मानधन चालू टाकीमागं. ढोरांना पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तसा टाकीला एक माणूस.

तिसरी, विरजणाची नोंद ठेवा. तालुक्यात चांगल्या चालणाऱ्या टाक्या कोणत्या, याची यादी पंचायत समितीत असावी. नवीन टाकी सुरू करताना तिथली दोन-चार ड्रम स्लरी आणून टाकली की वस्ती लवकर बसते. बाजारातल्या महागड्या पावडरींची गरज नाही, गाईनं ते काम आधीच केलेलं आहे.

चौथी, प्रशिक्षण जिच्या हातात चूल आहे तिला द्या. अर्ज बाप्याच्या नावानं, शिबिरात बाप्या, आणि रोज शेण कालवते बाई. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या उशाशी आहे. खारं पाणी, काळी माती आणि सोयाबीनच्या कुटारावर जगणारी ढोरं, या तिन्ही गोष्टी धरून आपल्या भागासाठी सोप्या भाषेतला एक कागद त्यांनी काढावा. टाकीत काय घालायचं, काय नाही, गॅस कमी झाला तर काय पाहायचं. तो कागद प्रत्येक टाकीच्या भिंतीवर चिकटलेला असावा.

यातलं काहीच फार पैशाचं नाही. बंद पडलेल्या टाक्यांत जेवढं सिमेंट पुरलंय त्याच्यापुढं हा खर्च किरकोळ आहे.

२ ऑक्टोबर असो की २६ जानेवारी, पुढची ग्रामसभा जेव्हा असेल तेव्हा उठून एवढंच विचारा, "आपल्या गावात अनुदानाच्या टाक्या किती, आणि आज सकाळी त्यातल्या कितींवर चहा झाला?" ग्रामसेवकाला उत्तर देता आलं नाही तर रागावू नका. त्याला हा प्रश्न वरून कधी कोणी विचारलेलाच नाही. आपण विचारायला लागलो की वरचेही विचारतील.

तुमच्या गावातली टाकी चालू असेल तर खाली गावाचं नाव लिहा, तिचं विरजण कोणाच्या तरी कामी येईल. बंद असेल तर कधी आणि कशी बंद पडली तेही लिहा.